आभाराचं पान

माझ्या साडूत नाव ठेवण्यासारखं काहीही नाही, आणि त्याच्याविषयी माझी मुख्य तक्रार हीच आहे. माणसाला एखादी तरी खोड असावी. जेवताना मचमच आवाज करावा, लग्नात वाजंत्रीवाल्याशी भांडावं, निदान वाचायला नेलेलं पुस्तक परत करू नये. म्हणजे नातेवाइकांची सोय होते. हा माणूस पुस्तक परत करतो, तेही कव्हर घालून.

तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा तेल्हाऱ्याकडचा, राहतो अकोल्यात. मी अमरावतीत. मध्ये बडनेरा आणि मूर्तिजापूर आहेत, हे मी देवाचे उपकार समजतो. दोघंही शेतीचे मास्तर. तो कॉलेजात कपाशी शिकवतो, मी फळबागा. वयानं तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे आणि पोटानं सोळा वर्षांनी.

आमची सासुरवाडी चांदूर बाजारजवळच्या एका गावात. तिथे सासऱ्यांची संत्र्याची बाग आणि रोपवाटिका आहे. सासऱ्यांचं नाव आसपासच्या पाच-पंचवीस गावांत माहीत आहे ते बागेसाठी नव्हे, हातासाठी. डोळा भरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जंबेरी लिंबाचं रोप घ्यायचं, त्याला म्हणायचं खुंट. खुंटाच्या सालीला चाकूनं चिरा द्यायचा, संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्या चिऱ्यात सरकवायचा आणि पट्टीनं बांधून टाकायचा. दोन-तीन आठवड्यांनी पट्टी सोडून पाहायची. डोळा हिरवा असला तर लागला, काळा पडला तर गेला. सासऱ्यांनी भरलेले शंभरातले पंचाण्णव हिरवे निघतात, असं गाव म्हणतं. सासरे स्वतः काहीच म्हणत नाहीत. पट्टी सोडतात आणि पुढच्या रोपाकडे जातात.

मागच्या भाऊबीजेला आम्ही दोन्ही जावई सासुरवाडीला जमलो होतो. सासूबाईंनी शेतात रोडगे केले होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून काढलेला पहिला रोडगा, तुपात बुडवून, तो कोणाच्या ताटात पडतो याकडे माझं लक्ष असतं. थोरला जावई मी आहे. पडला त्याच्या. वर मी चार खाल्ले आणि त्यानं दीड, तर सासूबाईंनी त्याला तीनदा विचारलं, "बापू, तब्येत बरी हाय ना?" चार खाणाऱ्याची तब्येत कोणी विचारत नाही.

त्याच जेवणात विषय निघाला. एका प्रशिक्षण संस्थेनं वऱ्हाडातल्या पिकांवर ऑनलाइन कोर्स काढला होता, विद्यार्थ्यांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी. आमच्यासारख्या मास्तरांकडून एकेक धडा मागवला होता. नुसता व्हिडिओ नाही. मुलांनी चित्रं ओढून जागेवर बसवायची, चुकलं की धड्यानं सांगायचं, शेवटी प्रश्न सोडवायचे, असा. साडूचा बोंडअळीचा धडा तयारही झाला होता. माझ्यापाशी विषयसुद्धा नव्हता. विषय नाही हे मी अर्थातच सांगितलं नाही. "दोन-तीन डोक्यात आहेत," म्हणालो.

तेव्हा साडू वांग्याची भाजी वाढून घेत सहज बोलून गेला, "खरं म्हणजे बाबांचे हात दाखवाले पाह्यजे कोनीतरी. डोळा भरताना. असे हात पुन्हा भेटनार नाही."

सगळे हो हो म्हणाले. मीही म्हणालो. आणि पुढच्या रविवारी सकाळी सातच्या एसटीनं, फोन पूर्ण चार्ज करून, मी एकटाच सासुरवाडीला हजर झालो.

याला चोरी म्हणावी की तत्परता, यावर माझ्या मनात तेव्हा बरीच चर्चा झाली. तत्परतेचा पक्ष जिंकला. साडूच म्हणाला होता ना, 'कोणीतरी'. मी कोणीतरी आहेच.

सासरे रोपवाटिकेत उकिडवे बसले होते. मी फोन तिकाटण्यावर लावला आणि त्यांच्या हाताजवळ आणला. त्यांनी फोनकडे असं पाहिलं, जसं बागेत शिरलेल्या शेजाऱ्याच्या गोऱ्ह्याकडे पाहावं.

"हे कोन पाह्यते, जवाईबापू?"

"विद्यार्थी पाहतील. शेतकरी पाहतील."

"किती?"

"जेवढे उघडतील तेवढे."

"उघडून का होते?" त्यांनी चाकू धोतराला पुसला. "शेवटलोक पाह्यलं पाह्यजे. अर्धा डोया भरून पोट्टं चाललं गेलं, त खुंटबी वाळते आन डोयाबी. शेवटलोक किती जनायनं पाह्यलं ते सांगता येते का तुमच्या मशिनीले?"

"येतं की. शेवटपर्यंत कोणी पाहिलं, प्रत्येकाचं कळतं."

"मंग मले सांगजा," ते म्हणाले आणि खुंटाला चिरा दिला. त्यानंतर तासभर नुसते हात. काळी, जाड बोटं, नखाच्या कडेला चीक वाळलेला, आणि त्या बोटांनी डोळा असा उचलला की त्याला कळूही नये. मी पाहत राहिलो आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता अकोल्याचा मनुष्य काय दाखवतो ते पाहू. कपाशीची अळी.

इथून पुढचे पंधरा दिवस मी घरच्या टेबलावर धडा बनवत होतो. सासऱ्यांचे हात, मग थांबा, मग प्रश्न: यातला भरण्यालायक डोळा कोणता, ओढून खुंटावर बसवा. कोवळा बसवला तर लाल फुली, पक्का बसवला तर पुढची पायरी. शेवटी दहा प्रश्न. बायको येता-जाता पाहायची आणि म्हणायची, "छान झालं हो," आणि मी विचारायचो, "अकोल्यापेक्षा?" ती स्वयंपाकघरात निघून जायची.

प्रश्नांच्या नंतर मी एक पान टाकलं, आभाराचं. आता इथे माझी एक जुनी कमाई सांगायला हवी. आमच्या दोन्ही घरांतल्या सगळ्या लग्नपत्रिका गेली वीस वर्षं मी लिहितो. कोणाचं नाव कोणाच्या वर, कोणाला 'विनीत'मध्ये घ्यायचं आणि कोणाला 'निमंत्रक'मध्ये ढकलायचं, मामांच्या आधी मावसे आले तर काय होतं, हे सगळं माझ्याकडे. एका आत्याचं नाव सुटलं तर ती लग्नाला येते, पण अक्षता टाकत नाही; हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तेव्हा धड्याला आभार नसणं मला नाक नसलेल्या चेहऱ्यासारखं वाटलं. मी मन लावून यादी केली. वरती सासरे. मग सासूबाई, चहासाठी. मग साळा, फांद्या आणून दिल्या म्हणून. मग बायको. मग आमचे प्राचार्य. मग चुलतसासरे, त्यांनी काहीच केलं नव्हतं, पण नंतर बोलून दाखवलं असतं. असं करत करत तीसएक नावं झाली.

साडूचं नाव त्यात नव्हतं.

सुटलं नव्हतं. मी पत्रिका लिहिणारा माणूस आहे, माझ्याकडून नाव सुटत नाही. मी स्वतःला सांगितलं की तो तर घरचाच. घरच्या माणसाचे कोणी आभार मानतं का? बायको, सासू, साळा आणि चुलतसासरा हे बहुधा परके होते.

आता धडा पाठवायचा. संस्थेच्या पत्रात एक अट होती: धडा स्कॉर्मच्या नियमानं बांधून द्यावा. हे स्कॉर्म म्हणजे काय ते मला साध्या शब्दांत असं समजलं. बल्ब कोणत्याही कंपनीचा असो, तो कोणत्याही होल्डरमध्ये बसला पाहिजे आणि पेटला पाहिजे. तसा धडा कोणीही, कुठेही बनवो, कोर्सच्या पोर्टलमध्ये तो बसला पाहिजे. आणि नुसता बसून चालत नाही, तो पोर्टलशी बोलला पाहिजे. मूल कोणत्या पानावर आहे, किती मार्क पडले, आणि संपला की 'संपला', हे धड्यानं सांगायचं आणि पोर्टलनं वहीत टिपायचं. धड्याच्या सगळ्या फायली एका गठ्ठ्यात, म्हणजे झिपमध्ये बांधायच्या, आणि त्यात एक यादीची फाईल असते. ती वाचून पोर्टलला कळतं की पाहुणा कोण आला.

माझा पाहुणा पोर्टल ओळखेचना. झिप चढवली की लाल अक्षरांत एकच वाक्य: यादीची फाईल सापडली नाही. मी झिप उघडून पाहायचो, यादी आत असायची. पुन्हा बांधायचो, पुन्हा चढवायचो, पुन्हा लाल. जुन्या पद्धतीचं स्कॉर्म करून पाहिलं, नव्या पद्धतीचं करून पाहिलं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून केलं. देवाला नमस्कार करून केलं. दोन दिवस गेले.

"तुमी त्यायले फोन काऊन नाही करत?" बायको म्हणाली. "त्यायचा तर पहिल्या खेपेत चढला म्हने."

"पहिल्या खेपेत" हे दोन शब्द तिनं मुद्दाम घातले नव्हते. तरी मला लागले. मी म्हणालो, "त्याचा सोपा आहे. कपाशीत काय असतं?" तिनं माझ्याशी वाद घातला नाही. फोन उचलला, बहिणीला लावला, बहिणीनं नवऱ्याला दिला, बायकोनं स्पीकर चालू केला आणि फोन माझ्यापुढे शेंगदाण्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"बोला दादा," साडू म्हणाला.

"काही नाही. सहज. पोर्टलच बिघडलेलं दिसतं."

"असू शकते." हे त्याचं नेहमीचं. आधी तुमचं म्हणणं मान्य करायचं. "एक काम करा. झिप उघडा. उघडल्या उघडल्या पहिले का दिसते तुमाले?"

मी उघडली. "श्री," मी म्हणालो.



"श्री म्हनजे?"

"म्हणजे फोल्डर आहे. त्याला श्री नाव आहे. त्याच्या आत सगळं."

आता यात न समजण्यासारखं काय होतं? आमच्या वडिलांनी आयुष्यात कोऱ्या पानाला वर श्री घातल्याशिवाय पेन टेकवला नाही. दुधाच्या हिशेबाची चिठ्ठीसुद्धा. मीही पत्रिका लिहितो ती श्रीपासून. नवं काम म्हणून मी नवं फोल्डर केलं, त्याला श्री नाव दिलं आणि सगळा धडा त्याच्या पोटात ठेवून वरून बांधला.

"दादा, बराबर हाय तुमचं," साडू म्हणाला. "पन पोर्टल का करते, गठ्ठा सोडला का दारातच यादी पाह्यते. आत घरात येत नाही ते. तुमी श्रीच्या आत जा, सगळं निवडा, आन तिथूनच बांधा. श्री बाहेर राहू द्या."

मी श्रीच्या आत गेलो, सगळं निवडलं, बांधलं, चढवलं. हिरवं.

साडू हसला नाही. मी कान देऊन ऐकत होतो, अजिबात हसला नाही. मागून माझ्या साळीच्या हसण्याचा आवाज आला, मग दार लोटल्याचा. तो म्हणाला, "माझा बाबाबी असंच लिहे," आणि विचारलं, "बाबांचे हात कसे आले, दादा?"

"बरे आले," मी म्हणालो.

तो हसला असता तर ते मी आयुष्यभर वापरलं असतं. तेवढंही त्यानं दिलं नाही.

धडे पोर्टलवर गेले आणि संस्थेनं एक महिन्याची मुदत जाहीर केली. उघडणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी जो धडा पूर्ण केला, तो कोर्समध्ये कायम. बाकीचे गळणार. मला काळजी नव्हती. हात सासऱ्यांचे होते.

पोर्टलवर मास्तरांसाठी एक तक्ता असतो. कोणी उघडला, कोणी पूर्ण केला. पूर्ण केला त्याच्यापुढे हिरवी खूण. सगळे मास्तर सगळ्यांचे आकडे पाहू शकतात. ही सोय ज्यानं केली त्याला साडू नसावा. मी रोज सकाळी चहाबरोबर आधी त्याचा तक्ता उघडायचो, मग माझा. पहिल्या आठवड्यात त्याच्या बोंडअळीला एकतीस हिरव्या खुणा. माझा धडा उघडला होता चव्वेचाळीस जणांनी, म्हणजे त्याच्याहून जास्त, आणि पूर्ण केला होता एकानं.

दुसऱ्या आठवड्यात त्याचे साठ. माझा तो एकच.

रोज संध्याकाळी दिवेलागणीला सासऱ्यांचा फोन यायचा. त्यांना नमस्कार-चमत्कार लागत नाही.

"किती झाले?"

"होऊन राहिले, बाबा."

"शेवटलोक?"

"होऊन राहिले."

"हं," म्हणून ठेवून द्यायचे. त्यांनी गावातल्या पारावर सांगून ठेवलं होतं, हे मला साळ्याकडून कळलं. आपले हात मशिनीत गेले आहेत आणि पोट्टे पाहून राहिले आहेत, असं. तीसएक वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल पारावर सांगितलेली ही पहिली गोष्ट. आणि मी त्यांना रोज खोटं सांगत होतो.

तिकडे वर्गात मुलांना दटावलं, "धडा अर्धवट सोडता?" मुलं म्हणाली, "नाही सर, दहापैकी नऊ पडले." मला ती खोटी वाटली. मग मला साडू खोटा वाटू लागला. त्यानं आपल्या पोरांना दमात घेतलं असणार. पोर्टलवाले त्याच्या ओळखीचे असणार. मग एकदा असंही वाटलं की श्री काढायला लावलं त्यानं, तेव्हाच काहीतरी झालं असणार. मत्सराला एक बरं असतं, त्याला पुरावा लागत नाही.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "आना इकडे, मी पाह्यते तुमच्यावाला धडा." तिनं हात पुसले, तिच्या नावानं मी खातं उघडून दिलं आणि ती बसली. वडिलांचे हात दिसले तेव्हा जरा वेळ तिनं पुढचं बटण दाबलंच नाही. मग एकेक पायरी केली. डोळे ओढून बसवले, एकदा चुकली, पुन्हा बसवला. दहाही प्रश्न बरोबर आले. "झालं," ती म्हणाली, खिडकी बंद केली आणि मेथीकडे वळली.

मी तक्ता उघडला. तिच्या नावापुढे: अपूर्ण.

"तू शेवटचं पान नाही पाहिलं."

"कोनतं?"

"आभाराचं."

"त्यात माझं नाव हाय ते मले मालूम हाय. तुमी चारदा वाचून दाखवलं." तिनं एक काडी बाजूला टाकली. "मार्क पडले ना? मग आभार कोन वाचते? पत्रिकेत तरी कोन वाचते हो, तारीख पाह्यली का लोक ठेवून देतात."

धडा बनवण्याच्या प्रोग्रामनं मला एके जागी विचारलं होतं: 'संपला' हा निरोप पोर्टलला कधी पाठवायचा? मी मानानं लिहिलं होतं, शेवटचं पान उघडल्यावर. मला वाटलं, आभाराआधी कार्य संपलं असं म्हणायचं तरी कसं? म्हणजे तीन आठवडे मुलं डोळे भरत होती, प्रश्न सोडवत होती, नऊ-नऊ मार्क घेऊन उठून जात होती, आणि माझा धडा पोर्टलला सांगत होता की हा मुलगा अर्धवट सोडून गेला. माझ्या चुलतसासऱ्यांचं नाव न वाचता गेला, एवढाच त्याचा गुन्हा.

बायको हसली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "मग हा एक कोन हाय? ज्यानं पूर्ण वाचलं?"

ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मी एकाला मोजतच नव्हतो, साठांच्या पुढे एक काय. त्या हिरव्या खुणेवर बोट ठेवलं. शिक्षकाचं खातं. अकोला. कपाशी. धडा चढवला त्याच संध्याकाळी उघडलेला, म्हणजे श्री बाहेर काढून दिल्यावर दोन तासांत. वीस मिनिटांचा धडा. त्यानं सव्वा तास लावला होता.

माझ्या धड्याचा सव्वीस दिवसांतला एकमेव पूर्ण केलेला विद्यार्थी माझा साडू होता. आणि ज्या पानावर पोचून तो पूर्ण झाला, त्या पानावर तीस नावं होती आणि त्याचं नव्हतं. त्यानंतर दोनदा तो माझ्याशी फोनवर बोलला होता. एकदा तर त्यानं विचारलं होतं, "साळ्यानं फांद्या चांगल्या आनल्या होत्या नाही, दादा?" फांद्या कोणी आणल्या ते फक्त त्या पानावर होतं. मी तेव्हा म्हणालो होतो, "हो, तुला कसं माहीत?" आणि तो म्हणाला, "असंच."

बायकोनं पडद्यावरची यादी वरून खाली वाचली. मग खालून वर. तिला पुढे काही सांगावं लागलं नाही. भाऊबीजेला ती त्याच ओळीत जेवायला बसली होती.

"नाव टाका," ती म्हणाली.

"टाकतोच आहे. कुठे टाकू? साळ्याच्या खाली..."

"वर टाका."

"किती वर?"

"वर," ती म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली.

दुरुस्ती तशी अर्ध्या तासाची. 'संपला' हा निरोप दहाव्या प्रश्नाला बांधला. पण त्या एका ओळीला मला सगळी दुपार लागली. 'विशेष साहाय्य' लिहिलं, खोडलं. 'प्रेरणा' लिहिलं, ती पत्रिकेत दिवंगतांना असते. शेवटी लिहिलं: ही कल्पना अकोल्याच्या धाकट्या जावयांची. आणि ती ओळ सगळ्यात वर ठेवून, श्रीच्या आत जाऊन, गठ्ठा बांधला.

चढवताना पोर्टलनं विचारलं: नवा गठ्ठा टाकल्यास जुन्या सर्व नोंदी पुसल्या जातील. चालेल? चव्वेचाळीसचे आता एकशेदोन झाले होते, ते सगळे अपूर्ण आणि तो एक पूर्ण. मी 'चालेल' दाबलं. ती हिरवी खूण गेली. खरं सांगतो, त्या खुणेकडे तीन आठवडे ढुंकून न पाहणाऱ्या मला तेव्हा जरा कसंतरी झालं.

मुदतीचे पाच दिवस उरले होते. मी प्रत्येक वर्गात जाऊन सांगितलं की चूक माझी होती, धडा पुन्हा करा. "सर, पुन्हा?" झालंच. परतवाड्याकडच्या एका मुलानं विचारलं, "सर, आभारबी वाचाचे का?" "गरज नाही," मी म्हणालो. वीस वर्षं पत्रिका लिहिलेल्या माणसाच्या तोंडून हे निघालं. मुलांनी केला. काही शेतकऱ्यांनीही केला. मुदत संपली तेव्हा ज्यांनी उघडला त्यांच्यातल्या निम्म्यांहून थोड्या जास्त लोकांच्या पुढे हिरवं होतं. धडा राहिला. बोंडअळीही राहिली, माझ्या दुपटीनं.

त्या संध्याकाळी फोन आला.

"किती झाले?"

या वेळी मी खरा आकडा सांगितला. "अठ्ठावन्न, बाबा. शेवटलोक."

मला वाटलं त्यांना कमी वाटला. पण सासरे म्हणाले, "बम झाले," म्हणजे पुष्कळ झाले. आणि लगेच, "आन अकोल्याचे?"

"एकशेसतरा."

"हं," ते म्हणाले. "कपाशीचं का हाय. ते कोनालेबी जमते."

हे वाक्य मी बायकोला तीनदा ऐकवलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "लिहून ठेवा, आभारात टाका."

पण मला एक गोष्ट कळायची राहिली होती. मी दुरुस्त केलेला धडा साडूनं पुन्हा उघडला होता, तक्त्यात दिसत होतं, हिरवा. पण आता धडा दहाव्या प्रश्नालाच संपत होता. पुढे जाऊन त्यानं आभाराचं पान पाहिलं की इतरांसारखी खिडकी बंद केली, ते तक्ता सांगत नव्हता. मीच तर तशी व्यवस्था केली होती. विचारावं, तर नाव टाकलं हे सांगावं लागणार. ते सांगावं, तर आधी नव्हतं हे कबूल करावं लागणार.

थंडी सरता सरता चुलतसाळ्याच्या मुलाचा साखरपुडा निघाला आणि आम्ही सगळे पुन्हा चांदूर बाजारकडे जमलो. पंगतीत साडू माझ्या शेजारी. सासरे आमच्या समोर, वाढपी पोरांवर लक्ष ठेवून. साडूनं ठेचा माझ्याकडे सरकवला आणि तसंच ताटात पाहत, सासऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "दादा, पान वाचलं मी."

"बरं," मी म्हणालो.

"तुमी टाकलं, चांगलं केलं. पन बाबांच्या वर नाही टाकाचं होतं माझं नाव. बाबा पहिले पाह्यजे."

वीस वर्षांच्या पत्रिका, आत्या, मावसे, अक्षता, आणि जावयाचं नाव सासऱ्याच्या डोक्यावर. 'वर' म्हणताना बायकोला साळ्याच्या वर म्हणायचं होतं, हे मला त्या पंगतीत समजलं. पुन्हा तोच बरोबर होता. त्यानं तेही हळू आवाजात सांगितलं, माझी अब्रू जाऊ नये म्हणून, आणि हे तर सगळ्यात वाईट.

"बदलतो," मी म्हणालो.

"बदलता येते का?" त्यानं विचारलं, आणि दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. ओळ खाली घ्यायची तर नवा गठ्ठा बांधावा लागणार. नवा गठ्ठा चढवला की जुन्या नोंदी पुसल्या जाणार. अठ्ठावन्नाचे आता नव्वदच्या घरात गेलेले, सगळे. आणि समोर बसलेला म्हातारा अजूनही रोज दिवेलागणीला फोन करून आकडा विचारतो आणि सकाळी पारावर सांगतो.

"राहू द्या मंग," साडू म्हणाला. "कोन वाचते ते पान?"

"तू वाचतोस ना."

तेव्हा तो हसला. आवाज करून, तोंडातलं सांभाळत. सासऱ्यांनी मान वर करून पाहिलं, "का झालं रे?" "काही नाही बाबा, तिखट लागलं," तो म्हणाला, आणि सासूबाई लगेच त्याच्यासाठी दही घेऊन आल्या. ठेचा मीही खाल्ला होता.

तेव्हा आहे हे असं आहे. पंधरा दिवस खपून मी धडा केला, हात सासऱ्यांचे, प्रश्न माझे, गठ्ठा मी बांधला, आणि त्याच्या शेवटच्या पानावर, माझ्या सासऱ्यांच्याही वर, माझा साडू बसला आहे. धडा चालेल तोवर तिथेच बसणार. माझं नाव त्या पानावर कुठेच नाही. आभार मानणाऱ्याचं नाव यादीत नसतं, तशी रीत आहे.